शाहिराच्या कॅसेटी आणि 15 हजारांचा कागद

प्रश्न : ताई, मी लाखांदूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मोबाईल दुरुस्ती आणि रिचार्जचं लहानसं दुकान आहे. आधी मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचो, तो धंदा आता बसला. माझे बाबा खडी गंमतीचे, म्हणजे आमच्याकडच्या तमाशासारख्या लोकनाट्याचे, शाहीर होते. 2021 मध्ये ते गेले. घरी त्यांच्या 26 कॅसेटी आहेत. काही बाबांनी मंडईच्या (गावच्या जत्रेच्या) रात्री स्वतःचा टेप लावून भरलेल्या, तर काही 1992 मध्ये एका कॅसेटवाल्यानं रेकॉर्ड करून बाजारात विकलेल्या. पुष्कळ गाणी बाबांनीच रचलेली आहेत. मागं एका फोटो स्टुडिओतून दोन-तीन कॅसेटींची सीडी करून घेतली होती. ती विंडोज मीडिया प्लेअरनं कॉम्प्युटरमध्ये उतरवली, पण विंडोज नव्यानं टाकल्यापासून त्या फायली वाजत नाहीत, 'लायसन्स' मागतात. काही गाण्यांचे एमपी3 पेनड्राइव्हमध्ये टाकून देवळाच्या साउंड बॉक्सला लावले, तर नावांच्या जागी चौकोन दिसतात आणि गवळण आधी, गण नंतर असं काहीही वाजतं. यूट्यूबवर एक गाणं टाकलं तर दुसऱ्याच माणसाचा कॉपीराइट क्लेम आला. त्यानं बाबांचंच गाणं आपल्या चॅनेलवर टाकलेलं आहे. आता नागपूरची एक म्युझिक कंपनी सगळ्या गाण्यांचे मिळून 15 हजार देते म्हणते. कागदाची प्रत सोबत जोडतो. आई म्हणते, "पैसे येऊन राहिले तं देऊन टाक, कॅसेटी काय खायच्या हायेत?" काय करू?

उत्तर : भाऊ, त्या कागदावर अजून सही करू नका. कंपनीला "महिनाभरात कळवतो" एवढंच सांगा. तिला खरंच गाणी हवी असतील तर ती थांबेल.

कागद मी नीट वाचला. त्यात लिहिलंय की 'सर्व गाण्यांचे सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, संपूर्ण जगासाठी, कायमचे' कंपनीला दिले आणि 'यापुढे कोणतेही मानधन अथवा रॉयल्टी देय राहणार नाही'. शेवटून दुसऱ्या कलमात तुमच्याकडून हेही लिहून घेतलंय की सगळे हक्क तुमचेच आहेत आणि पुढं वाद झाला तर खर्च आणि भरपाई तुम्ही द्यायची. मला सगळ्यात जास्त काळजी या कलमाची वाटते, कारण सगळे हक्क तुमचे नाहीत.

रेकॉर्ड केलेल्या एका गाण्यात कायदा वेगवेगळे हक्क मानतो. शब्द आणि चाल रचणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, म्हणजे बाबांनी रचलेल्या गाण्यांवर तुमच्या घराचा हक्क 2081 च्या अखेरपर्यंत आहे. रेकॉर्डिंगचा हक्क ज्यानं पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन ते केलं त्याचा. 1992 मध्ये बाजारात आलेल्या कॅसेटींच्या बाबतीत तो बहुधा त्या कॅसेटवाल्याचा, आणि तो 2052 अखेरपर्यंत चालेल. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा कलाकार म्हणून हक्क वेगळा, तो 50 वर्षांचा. मंडईच्या रात्री बाबांनी स्वतः टेप लावून जे भरलं, त्याचं रेकॉर्डिंग मात्र बाबांचंच. आणि परंपरेनं चालत आलेले गण, गवळणी कुणा एकाच्या मालकीच्या नाहीत.

म्हणून पहिलं काम हे करा की 26 कॅसेटी समोर मांडून त्यांचे गठ्ठे पाडा. बाबांनी भरलेल्या एकीकडे, कॅसेटवाल्याच्या दुसरीकडे, आणि कुणी रेडिओवरून उतरवून घेतलेल्या असतील तर त्या तिसरीकडे. मग वहीत प्रत्येक गाण्यापुढे शब्द कुणाचे, चाल कुणाची, ढोलकीवर कोण, टुणटुण्यावर कोण, कोणत्या गावची रात्र, हे लिहा. बाबांच्या संचातले जे म्हातारे साथीदार आज हयात आहेत, त्यांना घरी बोलवा, चहा ठेवा, कॅसेट लावा आणि ते सांगतील ते टिपून घ्या. ही माहिती दुसरीकडे कुठेच लिहिलेली नाही. आणि लक्षात ठेवा, त्या साथीदारांचाही गाण्यावर हक्क आहे. उद्या पैसे आले तर त्यातला वाटा त्यांच्या घरी जायला हवा, आणि तो किती हे आजच बसून ठरवलेलं बरं.

आता 'रॉयल्टी देय राहणार नाही' या वाक्याकडे येऊ. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून गाण्याचे शब्द आणि संगीत रचणाऱ्याला रॉयल्टीतला आपला बरोबरीचा वाटा सोडून देता येत नाही. तो देता येतो फक्त वारसांना, किंवा वसुली आणि वाटपासाठी कॉपीराइट सोसायटीला. अशी सोसायटी म्हणजे 1969 पासून काम करणारी आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी). याच्याविरुद्ध लिहून घेतलेला करार त्या बाबतीत चालत नाही. शिवाय हक्क देण्याच्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरतात. घेणाऱ्यानं वर्षभरात हक्क वापरलाच नाही, आणि करारात तसं वेगळं काही ठरलेलं नसेल, तर तो हक्क परत येतो. कंपन्यांना हे ठाऊक असतं, म्हणून तर 'कायमचे' आणि 'संपूर्ण जगासाठी' हे शब्द आवर्जून घातलेले असतात.

हक्क विकणं वेगळं आणि वापरायची परवानगी देणं वेगळं. तुम्ही परवानगी द्या. बाबांनी रचलेल्या आणि बाबांनीच भरलेल्या ठरावीक गाण्यांची यादी जोडा. यूट्यूब आणि गाण्यांच्या ॲपसाठी, तीन वर्षांपुरती परवानगी, आणि तीही अशी की तीच गाणी तुम्हालाही आपल्या चॅनेलवर ठेवता येतील. दर सहा महिन्यांनी हिशेब आणि त्यातला टक्का. त्यावर ते 15 हजार आगाऊ देत असतील तर आनंदानं घ्या. मूळ कॅसेटी मात्र कुणाच्याही हाती देऊ नका. कंपनीला हवी असेल ती प्रत तुम्ही काढून द्या.

सगळं विकून टाकलं तर काय होतं, तेही पाहा. उद्या तुम्ही बाबांचं गाणं चॅनेलवर टाकाल आणि कंपनीचा क्लेम येईल, तेव्हा तो रीतसर असेल. गावातली पोरं मंडईत बाबांचं गाणं म्हणून त्याचा व्हिडिओ टाकतील, तर चालीवर आणि शब्दांवर कंपनीचा हक्क लागेल. ज्या गाण्यावर गावानं रात्र रात्र जागून बक्षिसं दिली, ते गाणं गावालाच परवानगी मागून म्हणावं लागेल. हे मला मुळीच पटत नाही.

कागदाचं आठवडाभर लांबलं तरी चालेल, पण कॅसेटी दरवर्षी थोड्या थोड्या मरत आहेत. पत्र्याखालची उन्हाळ्यातली उष्णता आणि पावसाळ्यातली ओल, दोन्ही त्या पट्टीच्या वैरी आहेत. आणि या कामाला तुमच्याइतका योग्य माणूस मला सुचत नाही, कारण लागणारं निम्मं सामान तुमच्या दुकानाच्या टेबलावरच आहे.

मोबाईलचा बोर्ड साफ करायला तुम्ही जे आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) वापरता, तेच कापसाच्या काडीला लावून टेपचं हेड पुसा. काडी तपकिरी होऊन आली तर दुसरी घ्या, ती कोरी निघेपर्यंत. रबरी चाकाला ते लावू नका, रबर कडक होतं. ते ओलसर फडक्यानं पुसा. प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेला डाव्या-उजव्या टोकाला प्लास्टिकच्या दोन पाकळ्या असतात. त्या शाबूत असतील तर मोडून टाका, म्हणजे चुकून कुणी रेकॉर्डचं बटण दाबलं तरी बाबांच्या आवाजावर दुसरं काही भरलं जाणार नाही. मग कॅसेटच्या तोंडाशी मधोमध बघा. तांब्याच्या बारीक पट्टीवर फेल्टचा इवलासा तुकडा असतो, तो फीत हेडला दाबून धरतो. जुन्या कॅसेटीत त्याचा गोंद वाळून तो गळून पडतो आणि आवाज दबका, येत-जात राहतो. लोक समजतात कॅसेट गेली. ती गेलेली नसते. स्क्रूवाली एखादी कोरी कॅसेट घ्या, उघडा, बाबांच्या फितीची दोन्ही चाकं तिच्यात बसवा. मोबाईलचा स्क्रू फिरवणाऱ्या हाताला हे दहा मिनिटांचं काम आहे. जुनं कवच मात्र लेबलासकट जपा.

आणखी एक स्क्रू आहे, हेडच्या शेजारी, त्याला स्प्रिंग असते. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी ती फीत हेडसमोरून अगदी काटकोनात जायला लागते. प्रत्येक टेपचा हा कोन किंचित वेगळा असतो आणि बाबांचा टेप आता तुमच्याकडे नसेलही. कॅसेट वाजवा, टाळांकडे कान द्या आणि तो स्क्रू केसभर इकडे-तिकडे फिरवा. एका जागी टाळ एकदम लख्ख ऐकू येतील. तिथं थांबा. आधीच्या जागेवर मार्करनं खूण केलेली असू द्या. स्टुडिओवाल्याच्या सीडीत आवाज घुसमटलेला वाटत असेल तर बहुधा याच्याकडे लक्ष दिलं गेलं नव्हतं.

टेपच्या लाइन आउटमधून वायर घ्या. ती सोय नसेल तर हेडफोनच्या भोकातून घ्या, पण आवाज मधोमध ठेवून. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात ती लावू नका, तिथं बहुधा एकच बाजू जाते आणि आवाज फाटतो. स्टिरिओ लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. रेकॉर्ड करताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा. आपल्याकडे घराचं अर्थिंग धड नसतं आणि त्याची घूं घूं थेट रेकॉर्डिंगमध्ये उतरते. सॉफ्टवेअर म्हणाल तर ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरेसं आहे. सगळ्यात मोठ्या आवाजालाही काटा उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही, लहान आवाज मोठा करता येतो.

फाइल वेव्ह (.wav) प्रकारात जतन करा. सीडीच्या दर्जाचं वेव्ह मिनिटाला साधारण 10 एमबी घेतं. 26 कॅसेटी एकेका तासाच्या धरल्या तरी सगळं मिळून 16 जीबी होतं, आजच्या हिशेबानं काहीच नाही. एमपी3 ही मूळ प्रत कधीच नसावी. कानाला कमी जाणवेल असं वाटणारं ते काढून टाकतं आणि त्यात सगळ्यात आधी मार खातात ते टाळ आणि ढोलकीची थाप. एमपी3 पुन्हा वेव्ह करून गेलेलं परत येत नाही. मूळ वेव्हवर कसलीही सफाई करू नका. खरखर काढायची असेल तर प्रतीवर काढा, आणि थोडीच काढा, नाहीतर गाणारा पाण्याखालून गातोय असं वाटतं. मधलं बोलणंही कापू नका. बाबा गाणं थांबवून "अमक्या भाऊंकडून दहा रुपये" म्हणून गावाचं नाव घेतात ना, तेच उद्या पुरावा म्हणून कामाला येईल. एक प्रत तुमच्याकडे आणि एक बहिणीच्या किंवा मामाच्या गावी, वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा. पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नका.

लायसन्स मागणाऱ्या फायलींचं कारण सोपं आहे. जुन्या विंडोज मीडिया प्लेअरमध्ये सीडी उतरवताना कॉपी संरक्षणाची एक टिक असायची. ती राहून गेली की फाइल त्या विंडोजशी बांधली जाते, आणि विंडोज नवं टाकलं की किल्ली जाते. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स बघा. तिथं 'प्रोटेक्टेड' पुढे 'नो' असेल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये ती वाजेल. 'येस' असेल तर तिच्यामागं वेळ घालवू नका, आणि कुलूप तोडून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर दुकानाच्या कॉम्प्युटरवर तर मुळीच टाकू नका. ती सीडी शोधा, मधून कडेकडे सरळ पुसा, 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' या सॉफ्टवेअरनं वेव्हमध्ये उतरवा. सीडीच वाचली नाही तर कॅसेट आहेच.

साउंड बॉक्सच्या आत देवनागरी फॉन्ट नसतो, म्हणून चौकोन. देवळासाठी वेगळी प्रत करा. एमपी3, फायलींची नावं इंग्रजी अक्षरांत, सुरुवातीला 01, 02 असे आकडे. काही ठिकाणी चौकोनांऐवजी भलतीच चिन्हं येतात, तिथं गाण्याच्या आत लिहिलेली माहिती प्लेअरला वाचता येत नाही. एमपी3टॅग या सॉफ्टवेअरमध्ये ती आयडी3 2.3 प्रकारात पुन्हा जतन करा. क्रमाचं असं आहे की स्वस्त प्लेअर नावं बघतच नाहीत, फाइल ज्या क्रमानं पेनड्राइव्हवर उतरली त्याच क्रमानं वाजवतात. 32 जीबी किंवा लहान पेनड्राइव्ह घ्या, फॅट32 मध्ये फॉरमॅट करा आणि गाणी एकेक करून क्रमानं टाका. मग गण आधी वाजेल.

यूट्यूबच्या क्लेमला घाबरू नका. क्लेम म्हणजे स्ट्राइक (चॅनेलला मिळणारी रीतसर ताकीद) नव्हे, क्लेमनं चॅनेल बंद पडत नाही. यूट्यूब स्टुडिओत जाऊन क्लेम कुणाचा आणि गाण्याच्या कोणत्या मिनिटावर आहे ते बघा. तुमचं गाणं मंडईच्या टेपमधलं असेल तर डिस्प्यूट करा, म्हणजे हरकत घ्या, समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात. त्यानं क्लेम कायम ठेवला तर अपील करता येतं. पण अपीलनंतर त्यानं व्हिडिओ काढायची रीतसर मागणी केली तर स्ट्राइक येऊ शकतो, आणि 90 दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनेल जातं. म्हणून पुरावा हाती ठेवूनच पुढं जा : कॅसेटचा, लेबलाचा फोटो, मूळ वेव्ह, बाबा स्वतःचं नाव घेतात तो तुकडा. गाणं 1992 च्या कॅसेटमधलं असेल तर आधी त्या कॅसेटवाल्याला किंवा त्याच्या घरच्यांना भेटा. अनेकदा अशा माणसाला आपल्याकडे काय पडलंय याचा पत्ताच नसतो आणि तो खुशीनं लिहून देतो.

आईंचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. 15 हजार म्हणजे घरात लहान रक्कम नाही. पण गाण्यांवर नक्की किती मिळेल हे त्यांना खरं सांगा. पूर्वी कॅसेटवाला शाहिराला एकरकमी पैसे द्यायचा आणि विषय संपायचा. आता जगातल्या रेकॉर्डिंगच्या कमाईतला दोनतृतीयांशाहून जास्त भाग स्ट्रीमिंगचा आहे, आणि तो गाणं किती वेळा ऐकलं गेलं त्यावर वाटला जातो. स्पॉटिफायवर तर 2024 पासून ज्या गाण्याला वर्षभरात 1,000 ऐकणी मिळत नाहीत, त्याच्या रेकॉर्डिंगला काहीच मिळत नाही. रेसो आणि विंक ही दोन ॲप 2024 मध्येच भारतात बंद झाली, त्यामुळे एकाच ॲपवर विसंबू नका. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास पाहणी लागते. खडी गंमतीची अख्खी रात्र बसून बघणारी माणसं भंडारा-गोंदियात आहेत, आणि पुण्या-मुंबईला कामाला गेलेलीही आहेत. हे तास तुम्हाला जमण्यासारखे आहेत, पण वेळ लागेल.

त्याआधी घरात पैसा यायची दुसरी वाट मला दिसते. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि मेमरी कार्डात गाणी भरायचा धंदा गेला. पण तुमच्या पंचक्रोशीत गंमतीच्या, दंडारीच्या, भजनाच्या, लग्नाच्या, कुणाच्या आजीच्या ओव्यांच्या कॅसेटी ट्रंकांत पडलेल्या आहेत आणि त्या वाजवायला टेपच राहिला नाही. बाबांच्या 26 कॅसेटी नीट उतरवल्या की तुमचा हात बसेल. मग दुकानाबाहेर बोर्ड लावा, एका कॅसेटचे इतके म्हणून. धान निघाल्यावर, मंडईच्या दिवसांत लोक बाहेरगावाहून घरी येतात, तेव्हा लावा.

आणि कागदाचं राहिलं. बाबांचे हक्क एकट्या तुमचे नाहीत. आई, तुम्ही, भावंडं, सगळे वारस आहेत, म्हणून एकट्याच्या सहीनं काही करू नका. सुधारलेला मसुदा वकिलाला दाखवा. त्यासाठी पैसे नसतील तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे आईंच्या नावानं अर्ज करा. स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यांना उत्पन्नाची अट नाही. जाताना आधार कार्ड, बाबांचा मृत्यूचा दाखला, कंपनीचा कागद आणि साथीदारांसोबत बसून लिहिलेली ती वही घेऊन जा.